तळघरातला गॅरी

‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं तळघरात बसून फासे टाकतात, तो गेम आठवतोय? ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’! तो बनवणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे गॅरी गायगॅक्स.

जन्म १९३८चा, शिकागोतला. त्याची शाळा अर्धवट सुटली, पण रॉबर्ट हॉवर्डचा कोनन आणि जॅक व्हान्सचे जादूगार काही सुटले नाहीत. १९७०मध्ये विमा कंपनीतली नोकरी गेली. घरात पाच मुलं! गॅरी तळघरात बूट दुरुस्त करू लागला आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहू लागला.

१९७२मध्ये डेव्ह आर्नेसननं त्याला आपला गेम खेळवून दाखवला. त्यात प्रत्येकानं एकच पात्र व्हायचं. गॅरी झपाटलाच. त्यानं किल्ल्याखालचं भुयार कागदावर आखलं आणि एर्नी-एलिस या आपल्या पोरांना त्यात सोडलं. त्यांना ३,००० तांब्याची नाणी असलेली पेटी सापडली, पण ती इतकी जड की उचलेचना! व्हान्सच्या गोष्टींतल्यासारखाच इथला जादूगारही तेव्हा मंत्र वापरला की विसरायचा.

प्रकाशक मिळेना, म्हणून मित्रासोबत कंपनी काढून गॅरीनं १९७४मध्ये १,००० प्रती आणल्या. खोकी घरीच भरली. पुढे १९८५मध्ये त्याच कंपनीचा ताबा हातून गेला. खेळ मात्र सुटला नाही. २००८मध्ये तो गेला, त्याच्या आधीपर्यंत घरी मित्रांचा डाव रंगायचा.

तुमच्या हॉस्टेलच्या रूमवरही रंगेल. कागद, पेन्सिल, फासे आणि चार मित्र तेवढे जमवा!