कॉम्प्युटरला आकड्यांवरून शब्दांवर आणणारी नौदलातली प्राध्यापिका

पायथनमध्ये नसलेली फाईल उघडायला गेलं की स्क्रीनवर येतं, 'फाईलनॉटफाउंडएरर'. नाव वाचलं की गडबड कळते. गंमत म्हणजे लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम आतून फक्त एक आकडा देते, २. त्या आकड्याला नाव देऊन, चालू काम थांबवून प्रोग्रॅमरला सांगायचं काम भाषा करते. यालाच एक्सेप्शन म्हणतात.

आकडे मशीनने सांभाळावेत, माणसाने शब्द वापरावेत. हा हट्ट फार आधी धरला होता ग्रेस हॉपर यांनी.

जन्म ९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क. १९३४ मध्ये येलमधून गणितात पीएचडी. व्हासार कॉलेजात शिकवत असतानाच दुसरं महायुद्ध पेटलं आणि त्यांनी नौदलात जायचं ठरवलं. वय जास्त, वजन कमी. तरी खास सवलत मिळवून १९४३ मध्ये त्या भरती झाल्याच. पोस्टिंग मिळालं हार्वर्डच्या मार्क १ कॉम्प्युटरवर.

९ सप्टेंबर १९४७ ला तिथलाच मार्क २ अडला. रिलेमध्ये दिव्याभोवती फिरतो तसला एक पतंग अडकला होता. तो लॉगबुकात चिकटवण्यात आला. 'बग' हा शब्द त्याआधीचा, पण हा किस्सा गाजवला हॉपर यांनी. तेव्हा मशीन अडलं की का अडलं हे माणसालाच धुंडाळावं लागायचं.

१९५२ मध्ये त्यांनी ए-० हा कंपायलर बनवला. पुढे त्यांनी इंग्रजी शब्दांत प्रोग्रॅम लिहायची कल्पना मांडली, तर कॉम्प्युटरला इंग्रजी कळत नाही म्हणून ती उडवून लावली गेली. हॉपर यांनी थेट फ्लो-मॅटिक ही भाषाच उभी केली. १९५९ मध्ये सुरू झालेल्या कोबोलचा पाया तोच.

कोबोलमध्ये फाईल संपली तर काय करायचं ते 'ॲट एंड' लिहून सांगता येतं. उत्तर ठरलेल्या जागेत मावलं नाही, तर 'ऑन साईज एरर'. म्हणजे अडचण आली तर काय, हे प्रोग्रॅममध्येच, साध्या शब्दांत. आजची एक्सेप्शन्स यापेक्षा खूप पुढची आहेत, पण विचार तोच.

१९८६ मध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं. पुढे अमेरिकन नौदलाने एका युद्धनौकेला त्यांचं नाव दिलं.

पुढच्या वेळी स्क्रीनवर लाल एरर आली, तर वैतागण्याआधी ती वाचा. एकेकाळी तेवढंही मिळत नव्हतं.