एमिल नोल्डे : चित्र सांगू, माणूसही सांगू



चित्रकलेच्या तासाला आपण मुलांना मोठ्या चित्रकारांच्या गोष्टी सांगतो. आज अशा एका चित्रकाराची ओळख करून घेऊया, ज्याची गोष्ट अर्धी सांगून चालत नाही.

जर्मनी-डेन्मार्क सीमेजवळ नोल्डे नावाचं खेडं आहे. तिथे ७ ऑगस्ट १८६७ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी एमिल हान्सेन यांचा जन्म झाला. शेतीत त्यांचं मन रमेना. ते लाकडावरचं कोरीवकाम शिकले आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये सेंट गॅलनला चित्रकला शिकवू लागले. म्हणजे आपल्यासारखेच शिक्षक! आल्प्सच्या शिखरांना माणसांचे चेहरे देऊन काढलेली त्यांची पोस्टकार्डं खूप खपली, आणि त्या पैशांवर त्यांनी नोकरी सोडली. १९०२ साली आडाशी लग्न झालं, तेव्हा त्यांनी आपल्या गावाचं नावच आडनाव म्हणून घेतलं.

१९२७ मध्ये दोघं उत्तर फ्रिसियातल्या झेब्यूलला राहायला आले. हा भाग म्हणजे समुद्रापासून बांध घालून राखलेली सपाट, ओलसर जमीन आणि वर अफाट आकाश. जळते ढग, गडद समुद्र, लालभडक पॉपी हे सगळं त्यांच्या चित्रांत उतरलं. बागेतल्या वाटासुद्धा त्यांनी ए आणि ई या अक्षरांच्या आकारात आखल्या : आडा आणि एमिल.

आता पुढचं नीट वाचा. १९३४ साली नोल्डे नाझी पक्षाचे सभासद झाले. ज्यूंचा ते द्वेष करत. तरीही १९३७ मध्ये त्याच सरकारने त्यांची हजाराहून जास्त चित्रं संग्रहालयांतून जप्त केली. १९४१ मध्ये चित्रं विकण्यावर व प्रदर्शनावर बंदी आली. ते घरी छोटी जलरंग चित्रं काढत राहिले. युद्धानंतर लोकांना फक्त छळ सोसलेला कलावंत दिसला. झीगफ्रीड लेन्झ यांच्या १९६८ च्या 'डॉइचश्टुंडं' कादंबरीतला चित्रकार त्यांच्यावरूनच बेतलेला आहे. १९५६ मध्ये नोल्डे वारले. पण त्यांच्या नाझीभक्तीचा पूर्ण पुरावा २०१९ च्या बर्लिनमधल्या प्रदर्शनाने सर्वांपुढे मांडला.

मग मुलांना काय सांगायचं? चित्रं लपवू नका आणि माणूसही लपवू नका. हात सुंदर घडवतो म्हणून मन आपोआप सुंदर होत नाही. ते वेगळं घडवावं लागतं. हे मुलांना समजलं, तर चित्रकलेचा तास सार्थकी लागला म्हणायचा.