जमिनीच्या मापाचं यंत्र : लक्ष्मणराव किर्लोस्कर

वर्कशॉपमधल्या जुन्या लेथवर, विहिरीवरच्या पंपावर, पिठाच्या गिरणीच्या इंजिनवर एक नाव आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. किर्लोस्कर! हे नाव डोळ्यांना इतकं सरावलंय की ते एका माणसाचं आडनाव आहे, आणि तो माणूस मुळात चित्रकार व्हायला निघाला होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. इंजिनिअरिंगची पदवी नसलेल्या या माणसाबद्दल इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात लिहायला मला आणखी एक कारण आहे. ते पुढे येईलच.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकात मन रमेना, पण चित्रं काढणं आणि यंत्रं खोलून पाहणं यांत दिवस कसा जाई ते कळत नसे. मोठे भाऊ रामचंद्रराव, म्हणजे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण तिथं एक गोष्ट उघड झाली. त्यांना काही रंगांमधला फरक ओळखू येत नव्हता. चित्रकाराच्या दृष्टीनं हा निकालच होता! दुसरा कुणी असता तर बिस्तरा गुंडाळून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. ते यांत्रिक आरेखन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. फर्स्ट इयरला ज्या ड्रॉइंगच्या शीट्स आपण रात्र रात्र जागून पुऱ्या करतो, त्याच विषयावर या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. सुट्टीच्या वेळात ते वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रं कशी चालतात ते हात काळे करून शिकत.

इकडे बेळगावात १८८८ साली भावांनी सायकलचं दुकान काढलं होतं. सायकल ही त्या काळी नवलाईची चीज. पुढे मुंबईत बढतीची वेळ आली तेव्हा ती जागा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचं, असा सगळा मामला होता. हे शेवटचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. वस्तू विकली म्हणजे संपलं, असं त्यांनी कधी मानलं नाही. ती घेणाऱ्याच्या हातात नीट चालली पाहिजे, हा त्यांचा आग्रह सायकलपासूनचा.

मग ते शेतीकडे वळले. आधी कडबा कापायचं यंत्र केलं. अख्खा कडबा टाकला की जनावर पानं खातं आणि धांडे तुडवतं. कुट्टी केली की तेवढ्याच वैरणीत जास्त दिवस निघतात. दुष्काळी मुलखात याचा अर्थ काय, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको.

त्यानंतर आला लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन चिरतो, पण उलटवत नाही. लोखंडी नांगराचा वाकवलेला पंख मातीची ढेकळं पालथी घालतो, त्यामुळे हरळीच्या मुळ्या वर येऊन उन्हानं वाळतात. विलायती नांगर बाजारात होते, पण ते तिकडच्या घोड्यांसाठी आणि तिकडच्या मातीसाठी बनवलेले. आपल्याकडे ओढणारी बैलजोडी, माती कुठे काळी चिकण तर कुठे मुरमाड, आणि मोडलं तर दुरुस्तीला गावचा लोहार. लक्ष्मणरावांनी या हिशोबानं नांगर घडवला. तरी तो खपेना! लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिले नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली असं सांगतात. त्यांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून हात झटकले नाहीत. शेतात जाऊन नांगर चालवून दाखवला आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकून त्यात सुधारणा केल्या. ज्याचं सारं वर्ष एका पेरणीवर अवलंबून आहे तो नव्या वस्तूला भिणारच, हे त्यांना समजत होतं.

धंदा जरा मार्गी लागतो न लागतो तोच बेळगावच्या नगरपालिकेनं शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा खाली करायला सांगितलं. अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. जमीन म्हणजे काय, तर निवडुंग आणि नाग! मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव आपल्या माणसांना घेऊन त्या माळावर उतरले. निवडुंग तोडला, शेड उभारल्या, भट्टी पेटली. तीच किर्लोस्करवाडी, आजच्या सांगली जिल्ह्यातली. पुढे स्टेशनचं नावही बदलून किर्लोस्करवाडी झालं. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या उद्योगनगरांत तिची गणना होते. सोबत आलेले बहुतेक जण पदवीधर नव्हते, शिकता शिकता कारागीर झाले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना तिथे राखणदारीचं काम मिळालं, आणि वस्तीत शिवाशीव पाळायची नाही असा दंडक होता. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. नांगराबरोबर उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, हातपंप आणि पुढे विहिरीवरचे पंप व ऑइल इंजिन असा पसारा वाढत गेला.

आता माझ्या त्या दुसऱ्या कारणाकडे येतो.

आमचं गाव दुसरबीड, तालुका सिंदखेडराजा, जिल्हा बुलडाणा. जिजाऊंच्या जन्मगावचा तालुका, हे अभिमानानं सांगण्यासारखं. पण पोट भरतं ते पावसाच्या भरवशावरच्या सोयाबीन, कपाशी, तुरीवर. आमचं चार एकर वावर आहे. बैलजोडी थकली, डवरणीला माणूस वेळेवर मिळत नाही, म्हणून छोटा ट्रॅक्टर घ्यायचा विषय घरात निघाला. पोरगा मेकॅनिकलला आहे म्हटल्यावर कोणता घ्यायचा हे मीच सांगायचं, असं बाबांनी परस्पर ठरवून टाकलं! मी दुकानांतून माहितीपत्रकं आणली. त्यात अश्वशक्ती, टॉर्क, गिअर, सगळं होतं. आमचं वावर मात्र त्यात कुठे नव्हतं. त्याच दिवसांत मी लक्ष्मणरावांचं चरित्र वाचत होतो. आपण प्रश्नच उलटा विचारतोय, हे तेव्हा ध्यानात आलं. ट्रॅक्टर कोणता चांगला, हे नंतर. आधी काम कोणतं, माती कोणती, आणि पैसा कुणाचा?

म्हणून वहीत आकडेमोड केली. लहान ट्रॅक्टरला तीन फुटी, म्हणजे सुमारे ०.९ मीटरचा रोटाव्हेटर लावला आणि तो ताशी ३ किलोमीटरनं चालला, तर तासाला २७०० चौरस मीटर रान होतं. चार एकर म्हणजे सुमारे १६,२०० चौरस मीटर. निव्वळ सहा तास, आणि धुऱ्यावरचं वळणं धरून आठ. म्हणजे अख्ख्या शेतात एक फेरी मारायला एक दिवस पुरे! वर्षात अशा आठ फेऱ्या धरल्या तरी काम भरतं आठ दिवसांचं. उरलेलं वर्षभर ट्रॅक्टर उभा, आणि बँकेचा हप्ता मात्र चालूच. कर्ज ही आमच्या भागात नुसती आकडेमोड नसते. त्या ओझ्याखाली किती घरं उद्ध्वस्त झाली हे आम्ही जवळून पाहिलंय. त्यामुळे ट्रॅक्टर मोठा घेतला तर दारात शोभेल, हा विचार परवडणारा नाही.

दुसरा मुद्दा रुंदीचा. कपाशीच्या दोन ओळींत तीन ते चार फूट अंतर असतं. तिथं शिरायचं तर ट्रॅक्टरची बाहेरून बाहेर रुंदी तीन फुटांच्या आतबाहेर हवी आणि चाकांमधलं अंतर कमीजास्त करता आलं पाहिजे. सोयाबीनची ओळ दीड फुटावर. तिथं दोन ओळी पोटाखाली घेऊन चालायचं, किंवा पेरतानाच पट्टा पद्धतीनं चाकासाठी वाट सोडायची. म्हणजे ट्रॅक्टर घेताना पेरणीची पद्धतही त्याच्या जोडीनं ठरवावी लागते.

तिसरा मुद्दा वजनाचा. १५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण पाऊण टनाचा, ४५-५० चा दोन टनांच्या आसपास. ओल्या काळ्या मातीत जड ट्रॅक्टर माती दाबून घट्ट करतो आणि वेळप्रसंगी स्वतःच रुततो. पण उन्हाळ्यातली खोल नांगरटी लहान ट्रॅक्टरच्या आवाक्याबाहेरची, हेही तितकंच खरं. मग त्या एका कामासाठी मोठा ट्रॅक्टर भाड्यानं लावायचा की वर्षभर पोसायचा? उत्तर हिशोबातच आहे. आणखी एक, माहितीपत्रकावर ठळक छापतात ती इंजिनची अश्वशक्ती. अवजाराला मिळते ती पीटीओची, आणि ती नेहमी कमी असते. रोटाव्हेटर जोडायचा तर आकडा पीटीओचा विचारावा.

लक्ष्मणराव इकडे धडपडत होते त्याच जमान्यात आयर्लंडमध्ये जन्मलेला हॅरी फर्ग्युसन हाच प्रश्न वेगळ्या बाजूनं सोडवत होता. मागे साखळीनं बांधलेला नांगर जमिनीतल्या अडथळ्यात अडकला की ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन उलटे, माणसं दगावत. वजन वाढवणं हा त्यावरचा सोपा उपाय. फर्ग्युसननं वजन न वाढवता जोडणी बदलली. नांगर तीन ठिकाणी ट्रॅक्टरला जोडला आणि हायड्रॉलिकनं त्याची खोली आपोआप सांभाळली जाईल असं केलं. त्यामुळे नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन पकड वाढली आणि हलका ट्रॅक्टरही कामाचा ठरला. १९४६ पासून इंग्लंडमध्ये निघालेला त्याचा छोटा करडा ट्रॅक्टर दहा वर्षांत पाच लाखांहून जास्त बनला. आज दुकानात उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीमागे तीच थ्री पॉइंट लिंकेज दिसते.

हे सगळं घरी मांडलं. शेवटी असं ठरलं की, १५ ते १८ अश्वशक्तीचा अरुंद ट्रॅक्टर काकांच्या तीन एकरांसह दोन्ही घरांत मिळून घ्यायचा, फवारणी आणि डवरणीला तो वापरायचा, आणि नांगरटी भाड्यानं करायची. ज्याचे सुटे भाग तालुक्याला मिळतात आणि ज्याचा मिस्त्री बोलावल्यावर त्याच दिवशी वावरात येतो, त्याच कंपनीचा घ्यायचा, ही अट आजीनं घातली. आम्हा सगळ्यांत खरी इंजिनिअर तीच निघाली! ऐन पेरणीत दोन दिवस बंद पडलेला ट्रॅक्टर कितीही ताकदीचा असला तरी काय कामाचा? वाफसा कुणासाठी थांबत नाही.

या सगळ्या प्रश्नांची मुळं मला लक्ष्मणरावांच्या नांगरात दिसतात. ओढणारा बैल केवढा, माती कशी, दुरुस्ती कोण करणार, आणि घेणाऱ्याची ऐपत किती? बैलजोडीची ताकद साधारण एका अश्वशक्तीच्या आसपास. तेवढ्यात भागेल असं अवजार बनवणं हे मोठं इंजिन बसवण्यापेक्षा अवघड काम आहे. कमी ताकदीत, कमी पैशात आणि कमी दुरुस्तीत काम करून दाखवणं हेच तर डिझाइन. आपल्या परीक्षेत दिलेली माहिती वापरून उत्तर काढायचं असतं. लक्ष्मणरावांना ती माहितीसुद्धा शेताच्या बांधावर जाऊन गोळा करावी लागली.

किर्लोस्करांचा पसारा पुढे हरिहर, पुणे, बंगळूर इथवर पोचला. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून इंजिनिअर होऊन आले आणि त्यांनी तो फार मोठा केला. पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्करवाडीतूनच मासिकं काढून मराठी घराघरांत वाचनाची गोडी लावली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं. पुढे नाशिकला किर्लोस्करांच्या नावाचे ट्रॅक्टरही तयार झाले, पण ते पाहायला लक्ष्मणराव नव्हते.

मित्रांनो, आपल्यातले कितीतरी जण शेतकऱ्याच्या घरातून इथं आले आहेत. फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधताना आपण मागच्या वर्षीच्या फायली चाळतो. एकदा सुट्टीत गावी गेल्यावर धुऱ्यावर उभं राहून बघा. डवरणीला वाकलेली बाई, पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला माणूस, दोन एकरांसाठी भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहणारं घर. त्यांच्या मापाचं यंत्र अजून पुरतं बनलेलं नाही. लक्ष्मणरावांनी बेळगावच्या सायकल दुकानातून सुरुवात केली होती. आपल्याकडे तर अख्खं वर्कशॉप आहे.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी