ध चा मा झाला होता, तरी रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी का धरलं?

परवा जुळे सोलापुरात चहाच्या टपरीवर एका व्हिडिओवरून वाद पेटला. अपघातात एक माणूस रस्त्यावर पडलाय आणि दहा जण मोबाईल धरून उभे आहेत. एकाचं म्हणणं, या दहांनाही आत टाका. दुसऱ्याचा सवाल, त्यांनी केलंय काय? काहीच न करणं हा गुन्हा कसा?

अडीचशे वर्षांपूर्वी पुण्यात असाच पेच एका न्यायाधीशापुढे आला होता. फरक इतकाच, की समोर खुद्द पेशवा होता.

रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. पोरवयात एका सावकाराकडे चाकरीला होते. त्याच्या पायावर पाणी घालताना नजर कानातल्या भिकबाळीवर गेली, धार ढळली आणि सावकाराने टोमणा मारला. पोरगा उठून काशीला गेला तो शास्त्री होऊनच आला, अशी गोष्ट सांगतात. १७५१ मध्ये ते पेशव्यांच्या चाकरीत आले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले.

थोरले माधवराव एकदा जपतपात इतके रमले, की राज्याची कामं अडून राहिली. शास्त्रीबुवांनी थेट काशीला जायची परवानगी मागितली. ज्याच्यावर राज्याची जबाबदारी आहे त्याने नुसतं बसून राहणंही त्यांच्या लेखी चूकच होती. माधवरावांनी जप आवरता घेतला.

मग आला ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात गारदी घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे धावत काकांच्या, म्हणजे राघोबादादांच्या खोलीत गेले आणि त्यांना मिठी मारली. ग्रँट डफच्या इतिहासात आहे, की दादांनी सुमेरसिंग गारद्याकडे रदबदली केली, पण दोघांनाही मारू अशी धमकी मिळताच पुतण्याची मिठी सोडवून ते बाजूला झाले. चाफाजी टिळेकर हा साधा सेवक मात्र धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि त्याच्यासोबत मेला.

पेशवेपद दादांकडे आलं. रामशास्त्र्यांनी चौकशी सुरू केली, ती चालली जवळपास सहा आठवडे. नारायणरावांना फक्त धरावं असाच हुकूम आपण दिला होता, हे दादांनी कबूल केलं. कागद पाहिला तर धरावे खोडून मारावे केलेलं. बदनामी झाली आनंदीबाईंची, ती आजही सुरू आहे. (आपल्याकडे कटाच्या गोष्टीत बाईचं नाव आलं, की बाकीचे आपोआप सुटतात.)

पण खाडाखोड दिसल्यावरही रामशास्त्र्यांनी दादांना सोडलं नाही. याला प्रायश्चित्त एकच, देहान्त, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

आजच्या कायद्याने हे कसं दिसेल? गुन्ह्यासाठी नुसता वाईट हेतू पुरत नाही, कृती लागते. मात्र १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२ ने कृतीत बेकायदेशीर अकृतीही धरली, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेने तेच पुढे चालवलं. यात खरा शब्द आहे बेकायदेशीर. जे करणं कायद्याने तुमच्यावर बंधनकारक आहे, ते न केलं तरच तुम्ही अडकता. आईबापांनी लेकराला उपाशी ठेवलं, जेलरने कैद्याला अन्न दिलं नाही, तर ती अकृती गुन्हा ठरू शकते. टपरीवरच्या व्हिडिओतले दहा जण कितीही निर्लज्ज वाटले, तरी नुसतं उभं राहिल्याबद्दल ते सहसा सुटतील. गाडीच्या ड्रायव्हरचं तसं नाही. जखमीला उपचार मिळवून देणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ने त्याच्यावर टाकलंय.

आता दादा कोण होते? बघे की ड्रायव्हर? गारदी त्यांच्याच हुकमाने आले होते. कुत्रा सोडणाऱ्यानेच तो आवरायचा असतो. शिवाय हत्यारबंद माणसं धरायला पाठवली तर जीव जाऊ शकतो, हे त्यांना कळायला हवं होतं. चिथावणी एका गुन्ह्याची आणि घडला दुसराच, पण तो घडण्याजोगा होता, तर चिथावणाऱ्याला त्याचीही जबाबदारी घ्यावी लागते, हेही आपल्या कायद्यात आहे. म्हणजे ध चा मा कुणी केला, हे न शोधताही दादांवर खटला उभा राहतो.

निकाल दिला, पण तो अमलात आणणार कोण? आरोपीच पेशवा! रामशास्त्री पद सोडून वाईजवळच्या पांडववाडीला निघून गेले. इकडे नाना फडणवीस आणि सखारामबापूंच्या बारभाईंनी दादांविरुद्ध बंड केलं. मार्च १७७४ मध्ये आमच्या सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरजवळच्या कासेगावला लढाई झाली. ती दादांनी जिंकली, त्रिंबकराव पेठे त्यात कामी आले. पण पुण्याची गादी दादांना परत मिळाली नाही. पुढे ते इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि १७८३ मध्ये कोपरगावला वारले.

बारभाईंनी रामशास्त्र्यांना सन्मानाने परत बोलावलं. २५ ऑक्टोबर १७८९ रोजी ते गेले.