सुतारांनी गिटार का बनवायची? या वादातून अमेरिकेत पोहोचलेले सी. एफ. मार्टिन कोण होते?

गिटार शिकणाऱ्यांना 'मार्टिन' हे नाव तारांच्या पाकिटावरूनही माहीत असते. हा माणूस मुळात सुताराच्या घरचा. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांचा जन्म १७९६ चा, आजच्या जर्मनीतील मार्कनॉयकिर्शन गावातला. व्हिएन्नात योहान स्टाउफर यांच्याकडे ते गिटार बनवायला शिकले. गावी परतले तर वेगळाच वाद. व्हायोलिन कारागिरांच्या संघाचे म्हणणे, वाद्ये आम्हीच बनवणार. मार्टिन सुतारांच्या संघात, म्हणजे त्यांनी कपाटे करावीत! सुतारांचा हक्क अखेर टिकला, पण मार्टिन यांनी १८३३ मध्ये थेट न्यूयॉर्क गाठले. हडसन स्ट्रीटवर दुकान थाटले आणि काही वर्षांनी पेनसिल्व्हेनियातील नाझरेथला बस्तान हलवले.

१८४० च्या दशकात त्यांनी गिटारच्या वरच्या फळीला आतून 'एक्स'च्या आकारात लाकडी पट्ट्या बसवायला सुरुवात केली. हेच 'एक्स ब्रेसिंग'. यात तारांचा ताण फळीभर वाटला जातो, त्यामुळे फळी पातळ ठेवता येते आणि आवाज दबत नाही. गंमत म्हणजे तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. पुढे जास्त ताणाच्या स्टीलच्या तारा आल्या, तेव्हा खरी कामाला आली ती हीच रचना. ते पाहायला मार्टिन नव्हते. १८७३ मध्येच त्यांचे निधन झाले. कंपनी मात्र आजही नाझरेथमध्येच आहे.