बासरीवाले पोलीसप्रमुख : कॅप्टन फ्रान्सिस ओ'नील



पोलीस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काठी आणि शिट्टी येते. आज आम्ही ज्यांची ओळख करून देत आहोत ते अमेरिकेतील शिकागो शहराचे पोलीसप्रमुख होते आणि त्यांचे आवडते वाद्य होते बासरी. आयर्लंडचे लोकसंगीत आज जगभर वाजवले जाते, त्याचे मोठे श्रेय या माणसाकडे जाते. नवल असे, की त्यांना स्वतःला संगीताची लिपी लिहिता येत नव्हती.

फ्रान्सिसचा जन्म २८ ऑगस्ट १८४८ रोजी आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात, बँट्री गावाजवळच्या ट्रॅलिबेन येथे झाला. तो काळ महादुष्काळाचा होता. बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व तापाने मेली. त्याहूनही अधिक लोक देश सोडून जहाजात बसले. बँट्रीचा परिसर सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी एक होता. गावेच्या गावे ओस पडली, आणि माणसांबरोबर त्यांची गाणीही गेली.

ओ'नील यांचे घर शेतकऱ्याचे, त्या मानाने सुस्थितीतले. आई कॅथरीन हिच्या माहेरी फिरत्या वादकांना नेहमी आसरा मिळे. त्यामुळे शेकडो चाली तिच्या तोंडी होत्या. शेकोटीजवळ बसून आईवडील गात आणि धाकटा फ्रान्सिस ऐके. टिमथी डाउनिंग या शेजारच्या शेतकऱ्याने त्याच्या हाती लाकडी आडवी बासरी दिली आणि बोटे कशी ठेवायची ते शिकवले. स्वरलेखन शिकण्याचा योग मात्र आला नाही. जे आले ते सारे कानाने आले आणि मनात राहिले.

मुलगा गणितात हुशार होता. त्याला शिक्षक करावे असा घरच्यांचा विचार होता आणि त्यासाठी कॉर्कच्या बिशपांची भेटही ठरली होती. ती भेट काही झाली नाही. १८६५ साली, अवघ्या सोळाव्या वर्षी, तो एका इंग्रज व्यापारी जहाजावर पोऱ्या म्हणून चढला. एक भेट चुकली आणि आयुष्याची दिशा बदलली!

पुढची काही वर्षे त्याने जगाचे समुद्र पाहिले. १८६७ साली पॅसिफिक महासागरातील बेकर नावाच्या ओसाड बेटावर त्याचे 'मिनेहाहा' हे जहाज फुटले. वाचलेल्या खलाशांना दुसऱ्या एका लहान जहाजाने उचलले, परंतु त्यावर अन्नाचा तुटवडा होता. होनोलुलू बंदर गाठायला ३४ दिवस लागले. त्या जहाजावरील हवाई बेटांच्या एका खलाशाकडे चांगली बासरी होती आणि रोज संध्याकाळी तो तिच्यावर एक साधे भक्तिगीत वाजवी. फ्रान्सिसने ती बासरी मागून घेतली आणि आपल्या गावच्या चाली वाजवल्या. त्या दिवसापासून तो खलाशी आपल्या वाट्याचे जेवण या परक्या मुलाबरोबर वाटून खाऊ लागला. होनोलुलूस पोहोचल्यावर तिघे सोडून बाकी सर्वांना इस्पितळात न्यावे लागले. त्या तिघांत फ्रान्सिस होता. दोघांची भाषा वेगळी, देश वेगळा. बासरीने त्यांची ओळख करून दिली आणि मग ताटही एक झाले.

यानंतर फ्रान्सिसने कॅलिफोर्नियात मेंढरे राखली, मिझुरी राज्यात शाळा शिकवली. १८७० साली क्लेअर परगण्यातील ॲना रॉजर्स हिच्याशी त्याने विवाह केला. पुढे शिकागोत रेल्वेत हमाली केली आणि १८७३ साली तो पोलिसात भरती झाला. पहिल्याच काही आठवड्यांत एका घरफोड्याने त्याच्यावर गोळी झाडली. पाठीच्या कण्याजवळ रुतलेली ती गोळी कधीच काढता आली नाही. ती तशीच बाळगून ते एकेक पायरी चढत गेले आणि १९०१ मध्ये शहराचे पोलीसप्रमुख झाले. लाचलुचपतीने गाजलेल्या त्या शहरात प्रामाणिक अधिकारी म्हणून त्यांचे नाव होते.

शिकागोत तेव्हा आयर्लंडच्या प्रत्येक परगण्यातली माणसे होती. जी चाल मायदेशी एका खोऱ्याबाहेर गेली नव्हती, ती इथे पलीकडच्या गल्लीत ऐकू येई. ओ'नील यांच्या ध्यानात आले, की हे म्हातारे वादक एकामागून एक जाणार आणि त्यांच्याबरोबर चालीही जाणार. पडक्या घराचे निदान दगड तरी मागे राहतात. गाण्याचे काहीच उरत नाही. ते कुणीतरी गात असेल तोवरच असते. काही वादक तर आपली खास चाल दुसऱ्याच्या कानी पडू नये म्हणून जपत. अशी चाल जपणाऱ्याबरोबरच पुरली जाते.

मग त्यांना जेम्स ओ'नील भेटले. आडनाव एक, नाते काही नाही. जेम्स फिडल वाजवत आणि त्यांना स्वरलेखन उत्तम येई. फ्रान्सिस यांनी त्यांना पोलिसात घेतले. फ्रान्सिस बासरीवर वाजवीत किंवा गुणगुणत, जेम्स लिहून घेत. प्रथम आईची गाणी उतरवली, मग मित्रांच्या चाली. कुठे नवी चाल ऐकली की विसरण्याआधी ती मनात घोळवत ते जेम्स यांचे घर गाठीत. अशी वर्षानुवर्षे मेहनत झाल्यावर १९०३ साली 'म्युझिक ऑफ आयर्लंड' हा ग्रंथ निघाला. त्यात १,८५० चाली होत्या. त्यांपैकी ६२५ गीतांच्या आणि ७५ अंध वीणावादक कॅरोलन यांच्या. बाकीच्या बहुतेक नाचाच्या.

पुढच्याच वर्षी घरावर आघात झाला. ओ'नील दांपत्याला दहा अपत्ये झाली. त्यांतले पाचही मुलगे बापाच्या डोळ्यांदेखत गेले. शेवटचा रॉजर्स १९०४ साली गेला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्यानंतर त्या घरात पुन्हा वाद्य वाजले नाही, असे सांगतात. आईच्या दुःखापुढे बासरी मुकी झाली. तरीही काम थांबले नाही. १९०५ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९०७ साली १,००१ नृत्यचालींचे दुसरे पुस्तक आले. आयरिश वादक त्याला नुसते 'पुस्तक' म्हणू लागले. १९१३ साली त्यांनी वादकांची चरित्रेही प्रसिद्ध केली. त्या मुक्या घरातून इतरांच्या घरी गाणे जात राहिले. यावर आम्ही अधिक काय लिहावे?

आता एक कडू गोष्ट. आम्ही धर्मगुरू असल्याने ती गाळणे आम्हांस सोपे होते, पण ते बरे नव्हे. ट्रॅलिबेनच्या पुलाजवळ पीटर हॅगर्टी नावाचा पाईपवादक वाजवीत असे आणि गावची तरुण मंडळी नाचत असत. तेच त्याचे पोट. तेथील धर्मगुरूंनी असे नाच बंद केले. त्यांना दारूची व अनीतीची भीती वाटत असावी, हेतू वाईट नसावा. परंतु त्या गरिबाची भाकरी गेली आणि अखेर त्याला अनाथ-दरिद्री लोकांच्या आश्रमात जावे लागले. ओ'नील श्रद्धावान कॅथलिक होते, पण ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, रोखठोक लिहून ठेवली. त्याच पिढीत वॉटरफोर्डचे फादर रिचर्ड हेनेब्री यांच्यासारखे संगीतप्रेमी धर्मगुरूही होते. ओ'नील यांनी शिकागोच्या वादकांचे वादन मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित करून त्यांना पाठवले होते. एका धर्मगुरूने वाद्य थांबवले, दुसऱ्याने जपले. आम्हां धर्मगुरूंना यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

१९०६ साली ते मायदेशी गेले तेव्हा लहानपणी ऐकलेले संगीत त्यांना तिथे फारसे भेटले नाही. शिकागोत जपलेल्या चाली पुढे पुस्तकांतून आयर्लंडला परत गेल्या. १९३१ साली त्यांनी आपला ग्रंथसंग्रह नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठास दिला. जानेवारी १९३६ मध्ये ते ख्रिस्तवासी झाले. ट्रॅलिबेनला आज त्यांचा बासरी वाजवतानाचा पुतळा उभा आहे.

ओ'नील यांना लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांनी लिहिणारा शोधला. घरी वाजवता येईना, म्हणून पुस्तके केली. आईकडून जे फुकट मिळाले होते ते त्यांनी पुढच्यांच्या हाती दिले. आपल्याही घरी आजीला लग्नातली, पाळण्याजवळची आणि उपासकाळातली गाणी येत असतील. या रविवारी मिस्साहून परत गेल्यावर तिच्याजवळ बसा आणि एखादे म्हणायला सांगा. घरात लिहिणारे कुणी असेल, तर वही घेऊन बसा.

आपले धर्मगुरू