राजर्षी शाहूंचा बंदोबस्त

2025 च्या मे महिन्यात पौडला मूर्तिविटंबनेच्या प्रकारावरून तणाव झाला, दुकाने बंद राहिली, पोलीस बंदोबस्त आला, हे आपण मुळशीकरांनी पाहिलेच आहे. दंगा होऊ नये म्हणून सरकारला हे करावेच लागते. पण कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचा उपाय निराळा होता, तो ऐका.

26 जून 1874 रोजी जन्मलेले महाराज 1894 मध्ये राज्यकारभार पाहू लागले. मुसलमान प्रजा शिक्षणात मागे; समाजातून कोणी पुढाकार घेईना. तेव्हा महाराजांनी दहा मुसलमान विद्यार्थी थेट व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगातच ठेवले. मराठ्यांची मुले आणि आपली मुले एका छपराखाली! माझ्या मते खरा बंदोबस्त तो हाच. पुढे 1906 मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. कुराणाच्या मराठी भाषांतरालाही त्यांनी पैसा दिला.

6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच कोल्हापुरात 7 जून 2023 रोजी मोबाइलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग मात्र आजही उभे आहे.